एकदा डेंग्यू झाला, म्हणजे सुटलो का?

(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

कसारा, खर्डी, आटगाव, शहापूर, तिकडे मुरबाड, टोकावडे आणि आसपासच्या सगळ्या पाड्यांवर कान देऊन बसलेल्या ताई, वहिनी, आज्या, सगळ्यांना नमस्कार. हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. शेवटी मात्र दोन-चार गोष्टी लिहून घ्यायला सांगणार आहे, तेव्हा घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वही-पेन घेऊन जवळ बसवा.

बचत गटाच्या बैठकीत डेंग्यूचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी ताई म्हणते, "आमच्या ह्यांना गेल्या वर्षीच होऊन गेला. आता नाही ना होणार?" कांजिण्या एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत, गोवराचंही तसंच. मग डेंग्यूचं तसंच असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण डेंग्यूचं तसं नाही, आणि का नाही, तेच आज समजून घेऊ.

डेंग्यू हा एक विषाणू नाही. ते चार सख्खे भाऊ आहेत. डॉक्टर त्यांना टाइप एक, टाइप दोन, टाइप तीन आणि टाइप चार म्हणतात. चौघांचं आडनाव एक, तोंडवळा सारखा, ताप आणणारा डासही तोच. ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून येणं, पुरळ, हे चौघांचंही सारखंच. नुसतं पेशंटकडे बघून कोणता भाऊ आला ते कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही.

आपल्याला टाइप एकचा डेंग्यू झाला, तर आपलं शरीर टाइप एकला जन्मभर ओळखतं. तो पुन्हा येऊन काही करू शकत नाही. बाकीच्या तिघांपासूनही थोडे महिने संरक्षण मिळतं, पण ते ओसरतं. त्यानंतर टाइप दोन आला, तर खरी अडचण होते. शरीरात पहिल्या वेळचे राखणदार असतात. ते या दुसऱ्याला बघतात आणि त्याला धरतात, पण पकड पक्की बसत नाही. विषाणू मरत नाही. उलट त्या राखणदाराच्या हाताला धरूनच तो रक्तातल्या पेशींच्या आत शिरतो आणि तिथे वाढतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू पहिल्यापेक्षा जड जाण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्यांदा होणाऱ्या प्रत्येकालाच असं होतं असं नाही, बहुतेक जण बरेच होतात. पण धोका वाढतो, हे नक्की.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. क्युबा नावाचा एक बेटांचा देश आहे. तिथे १९७७ साली टाइप एकची मोठी साथ आली. खूप लोकांना डेंग्यू झाला, पण तो बहुतेकांना सौम्यच गेला. चार वर्षांनी, १९८१ साली, तिथे टाइप दोन आला. लोक तेच, डास तेच, फक्त भाऊ वेगळा. त्या साथीत तीन लाख चाळीस हजारांवर लोक आजारी पडले आणि १५८ माणसं गेली. त्यांतली १०१ लहान मुलं होती. पुढे १९९७ साली त्या देशातल्या एका शहरात टाइप दोन परत आला. तेव्हा जास्त अत्यवस्थ झाली ती मोठी माणसं, ज्यांना वीस वर्षांपूर्वी टाइप एक होऊन गेला होता. म्हणजे शरीर वीस वर्षं जुना हिशोबही विसरत नाही.

आता आपल्या देशात या. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची भयंकर साथ आली. दहा हजारांवर पेशंट आणि चारशेवर मृत्यू. ती टाइप दोनची साथ होती. २००३ साली त्याच दिल्लीत चारही भाऊ एका वेळी सापडले. २००६ साली टाइप तीनचा जोर झाला. आपल्या पुण्यात टाइप चार तीस वर्षं दिसलाच नव्हता. तो गेला असंच वाटत होतं. मग तो पुन्हा सापडला, तोही दोन गंभीर पेशंटांच्या रक्तात. ही नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली. २०२१ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशात फिरोजाबाद, मथुरा, आग्रा या भागात लहान मुलं तापाने दगावू लागली. सुरुवातीला कशाचा ताप ते कळेना. तपासणीत निघाला टाइप दोन. त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारने टाइप दोनबद्दल अकरा राज्यांना सावध केलं, त्यात आपला महाराष्ट्रही होता.

कुणी म्हणेल, हे सगळं शहरांचं. आपल्या पाड्यावर कुठला डेंग्यू? तर परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत डेंग्यूची साथ आल्याची शास्त्रज्ञांनी लिहिलेली नोंद १९९१ सालची आहे. म्हणजे खेड्याला डेंग्यू नवा नाही. आयसीएमआर या सरकारी संस्थेने २०१७-१८ साली पंधरा राज्यांत ५ ते ४५ वर्षांच्या लोकांचं रक्त तपासलं. शंभरातल्या जवळजवळ ४९ जणांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याची खूण सापडली. शहरात ती जास्त होती, खेड्यात कमी. यातल्या कित्येकांना आपल्याला डेंग्यू झाला होता हे ठाऊकही नसणार. कारण बऱ्याच जणांना पहिल्या वेळी साधा ताप येतो, किंवा तोही येत नाही. म्हणून "मला कधी झालाच नाही" असं कुणीच छातीठोकपणे म्हणू नये.

मग हे चार भाऊ गावोगाव फिरतात कसे?

डेंग्यूचा डास छोटा, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि उन्हं उतरताना. तो फार लांब उडत नाही. शे-दोनशे मीटर, फार तर चारशे मीटर. ज्या घरात जन्मला, त्या घराच्या आसपासच त्याचं आयुष्य जातं. कल्याणचा डास उडत उडत कसाऱ्याला येणं शक्य नाही. विषाणू येतो तो माणसाच्या रक्तातून. आपली माणसं रोज पहाटेची लोकल धरून कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात आणि रात्री परत येतात. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर येतात. यात कुणाचा दोष नाही. पोटासाठी जावं लागतंच. पण ताप सुरू झालेल्या माणसाच्या रक्तात पहिले चार-पाच दिवस विषाणू भरपूर असतो. त्या दिवसांत त्याला आपल्या घरातला डास चावला, की विषाणू डासाच्या पोटात जातो. आठ ते बारा दिवसांनी तो डास दुसऱ्याला रोग देऊ लागतो. त्यानंतर जिवंत असेपर्यंत तो देतच राहतो, एकाच घरात तिघा-चौघांना देतो.

दुसरी वाट टायरांची. या डासाची अंडी कोरड्यात अनेक महिने टिकतात आणि पाणी लागलं की त्यांतून अळ्या निघतात. नाशिक हायवेला घाटाच्या पायथ्याशी ट्रकचे किती जुने टायर पडलेले असतात, ते तुम्हाला सांगायला नको. एका गावचं अंडं टायरात बसून दुसऱ्या गावी जातं.

आता मुख्य गोष्ट. कोणता भाऊ कुठून कुठे गेला, हे कळतं कसं?

पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. लोक तिला एनआयव्ही म्हणतात. १९५२ सालापासून तिथे विषाणूंचं काम चालतं. देशभरातल्या ठरलेल्या सरकारी दवाखान्यांना डेंग्यू तपासायची किट तीच पुरवते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत घेतलेल्या रक्तात खुद्द विषाणू असतो. त्या रक्तावर खास तपासणी केली की टाइप एक, दोन, तीन की चार, ते कळतं. पाच दिवस उलटले की विषाणू रक्तातून जाऊ लागतो आणि मागे त्याच्याशी लढल्याची खूण राहते. तेव्हा डेंग्यू झाला होता एवढं सांगता येतं, पण कोणता होता ते सांगणं अवघड होऊन बसतं. चोर पळून गेल्यावर नुसती पावलं दिसावीत, तसं.

शास्त्रज्ञ याच्याही पुढे जातात. विषाणूच्या आत त्याची स्वतःची बाराखडी असते, सुमारे दहा हजार सातशे अक्षरांची. विषाणू वाढताना या मजकुराची नक्कल होत राहते आणि नकलेत कुठे कुठे एखादं अक्षर बदलतं. आपल्याकडच्या लग्नातल्या गाण्यांचंच बघा. गाणं एकच, पण मुरबाडकडची बाई एक शब्द वेगळा म्हणते, इगतपुरीकडची दुसरा. जाणकार आजी शब्द ऐकून सांगते, ही बाई अमक्या बाजूची. तसंच दोन ठिकाणच्या विषाणूंची अक्षरं शेजारी ठेवून ताडून पाहिली, की तो आधीपासून इथलाच आहे की दुसऱ्या राज्यातून नवा आला, याचा अंदाज बांधता येतो. अशा कितीतरी नमुन्यांवरून देशाचा नकाशा तयार होतो, कुठे कोणता भाऊ जोरात आहे त्याचा.

या नकाशाचा उपयोग काय? ज्या भागात वर्षानुवर्षं टाइप एक होता आणि अचानक टाइप दोन सापडला, तिथे पुढच्या हंगामात गंभीर पेशंट वाढू शकतात. हे आधी कळलं तर दवाखान्यात सलाइन, खाटा, रक्ताची सोय आधी करता येते. डेंग्यूच्या लशीचंही तसंच. लस चारही भावांवर चालायला हवी, नाहीतर ती पहिल्या डेंग्यूसारखीच वागायची भीती असते. आपल्या देशात बनलेल्या लशीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. लस येईल तेव्हा येईल. तोवर नकाशा हवाच.

एका गावाचं उदाहरण सांगते. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात बेलसर नावाचं गाव आहे. २०२१ च्या जुलैत तिथे तापाचे पेशंट वाढले. गावातून थोडे नमुने एनआयव्हीकडे गेले. काहींत चिकुनगुनिया निघाला. तेवढ्यावर न थांबता एनआयव्हीचे लोक गावात आले आणि आणखी लोकांचं रक्त घेतलं. पुन्हा पुष्कळ जणांत चिकुनगुनिया, काहींत डेंग्यू, आणि एका बाईच्या रक्तात झिका निघाला. महाराष्ट्रात झिका पहिल्यांदा सापडला तो असा, एका खेड्यात. तोही याच डासाने पसरतो आणि गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. बेलसरच्या लोकांनी ताप अंगावर काढला असता, गोळी खाऊन गप्प बसले असते, तर हे कुणाला कळलं असतं?

आपल्याकडे अडतं ते इथेच. ताप आला की पहिले दोन दिवस घरचा काढा. तिसऱ्या दिवशी जवळच्या खासगी डॉक्टरकडे एक सुई. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं तर ठीक, नाहीतर मग धावपळ करत सरकारी दवाखाना. तोवर पहिले पाच दिवस गेलेले असतात. कुणी खासगी लॅबमध्ये झटपट कार्डाची तपासणी करतं. तिचा उपयोग आहे, पण सरकारी नोंदीत डेंग्यू पक्का धरायला वेगळी तपासणी लागते. मग नकाशावर कल्याणचा ठिपका दिसतो, नाशिकचा दिसतो, आणि मधला आपला पाडा कोराच राहतो. कोऱ्या जागेचा अर्थ वरच्या ऑफिसात "तिथे डेंग्यू नाही" असा लागतो. आणि जिथे रोग नाही, तिथे औषध, माणसं, फवारणी कोण पाठवेल?

एक गोष्ट स्पष्ट सांगते. टाइप कोणता, याचा कागद तुमच्या हातात येईलच असं नाही. चौघांवर उपचारही एकच आहे. पण तुमच्या घरातून गेलेल्या त्या चमचाभर रक्तामुळे शेजारच्या दहा गावांना आधी कळतं.

आता वही काढा. चार गोष्टी लिहा.

पहिली, तापाची तारीख. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आशाताईला कळवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे तारीख सांगा, पाड्याचं पूर्ण नाव सांगा, आणि गेल्या पंधरा दिवसांत कुठे कामाला किंवा पाहुणे म्हणून गेला होता तेही सांगा. नुसतं "शहापूर" लिहिलं तर कोणता पाडा ते कसं कळणार? आणि तापाच्या दिवसांत पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याच्याकडून डासाला आणि डासाकडून घराला रोग जाणार नाही.

दुसरी, गटाची वही. बचतीचा हिशोब लिहितो त्याच वहीच्या मागच्या पानांवर, ज्यांची हरकत नाही त्यांच्या घरात डेंग्यू कुणाला, कोणत्या वर्षी झाला ते लिहा. तपासणीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाजवळ ठेवा. पुन्हा ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा, "याला आधी एकदा डेंग्यू झालाय." बाळंतिणीला पूर्वी डेंग्यू झाला असेल तर तिच्याकडून बाळाकडे ते राखणदार जातात. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबू नका. अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवा.

तिसरी, धोक्याच्या खुणा. डेंग्यूत ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण जड जाणारा डेंग्यू बहुतेक वेळा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, डोकं वर काढतो. पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, मूल सुस्त होणं किंवा फार चिडचिड करणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना. रात्र असेल तर १०८ ला फोन. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरने सांगितलेल्या मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सुई टोचायला निघालेल्या डॉक्टरला, "डॉक्टर, ही सुई कशाची?" असं विचारायला लाजू नका. पेज, ताक, नारळपाणी, मीठ-साखरेचं पाणी देत राहा. पपईच्या पानाचा रस शोधण्यात वेळ घालवू नका.

चौथी गोष्ट पाण्याची. भातसा आपल्या तालुक्यात, तानसा आपल्या तालुक्यात, आणि ते पाणी मुंबईच्या नळाला जातं. इकडे उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघत पिंपं रांगेत लावतो. अशा बाईला "पाणी साठवू नका" म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. पाण्याचा हक्क ग्रामसभेत मागायचाच. डेंग्यू कमी करायचा तो एक मोठा उपाय आहे, असं तिथे ठणकावून सांगा. पण तोवर पिंप आपल्यालाच सांभाळायचंय. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. पाणी फेकायचं नाही. ते फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात काढायचं. फडक्यात अडकलेल्या अळ्या कोरड्या जमिनीवर झटकायच्या, त्या तिथेच मरतात. मग रिकामं पिंप आतून काथ्याने घासायचं, खास करून जिथवर पाणी असतं त्या रेषेवर, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात. मग गाळलेलं पाणी परत भरायचं आणि जुन्या लुगड्याचा तुकडा तोंडाला घट्ट बांधायचा. टायर, करवंट्या, फुटके डबे उचलायचे. धूर फवारणी झाली तरी हे सोडायचं नाही. धुराने उडणारा डास मरतो, पिंपातली अळी मरत नाही.

हे एका घराने करून भागत नाही. डास शेजारच्या घरी सहज जातो. म्हणून पाड्यावरच्या सगळ्या घरांचा वार एकच ठेवा. गटातल्या दोघी-दोघींनी त्या दिवशी घरोघर फिरून पिंपात डोकावून बघावं. वळवळ दिसली तर भांडण नको, तिथेच उभं राहून घासायला हात लावावा.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. पिंप घासायचा वार ठरवा, आणि वहीत "आमच्या पाड्यावर डेंग्यू कुणाला, कधी" असं पान उघडा. मागच्या पाच वर्षांतली जेवढी नावं आठवतील तेवढी लिहा. आशाताईला ते पान दाखवा. पुढच्या भेटीत किती नावं निघाली ते मला कळवा. तोपर्यंत सांभाळून राहा. नमस्कार.